चष्मा, पोथी आणि निर्लेखनाची यादी

गेल्या महिन्यात आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी एका ठरावावर सही केली. आता ती सही मागे घ्यावीशी वाटतेय, आणि त्याला कारण झालाय एक ई-रीडर. प्रकरण जरा लांबचं आहे. चहा घेऊन बसा, सावकाश सांगतो.

ठराव साधा होता. मागच्या खोलीतल्या तीन कपाटांमधली जुनी पुस्तकं 'निर्लेखित' करायची. वाचनालयाच्या कारभाराशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, निर्लेखन म्हणजे दाखल रजिस्टरमधून पुस्तकाचं नाव रीतसर कमी करणं. मग ते पुस्तक वाचनालयाचं राहत नाही आणि बहुतेक वेळा रद्दीत जातं. कारणं खरी होती. एका कपाटाला वाळवी लागलीय, पावसाळ्यात भिंत पाझरते, अनुदान यायला उशीर होतो आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला जागा नाही. चर्चा चालली असताना मीच म्हणालो, "अहो, आता सगळं नेटवर आहे. ठेवून करायचंय काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला दोष देत नाही, वाक्य माझंच होतं.

त्यानंतर आठच दिवसांनी पुण्याहून मुलगी आली आणि तिनं हे यंत्र हातात ठेवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक टाइप वाचताना माझे डोळे पाणावतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात नको.

पहिले दोन दिवस मी खुळ्यासारखा त्याच्याकडे बघत होतो. मोबाइलसारखं दिसतं, पण डोळ्यांवर उजेड मारत नाही. अंगणात भर उन्हात धरलं तर जास्तच स्वच्छ दिसतं. पान उलटताना क्षणभर सगळं काळं होतं आणि मग नवीन पान उमटतं. जावयानं समजावून सांगितलं ते असं. पडद्यात अगदी सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या इशाऱ्यानं त्यातले हवे ते कण वर येतात. एकदा अक्षर उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. या तंत्रावरची 'ई इंक' नावाची कंपनी १९९७ साली अमेरिकेत निघाली आणि २००४ मध्ये सोनीनं जपानात या पडद्याचं वाचनयंत्र विकायला काढलं. ॲमेझॉनचं किंडल आलं २००७ च्या नोव्हेंबरात. पुस्तक संगणकावर चढवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १९७१ च्या ४ जुलैला मायकल हार्ट नावाच्या विद्यार्थ्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा विद्यापीठाच्या संगणकावर टाइप केला आणि त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' उभं राहिलं.

अक्षर मोठं करता येतं, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं सुख. पंधरा वर्षांनी एक जाडजूड कादंबरी आडवं पडून वाचली, छातीवर वजन न घेता! एकच गोष्ट अजून अंगवळणी पडत नाही. पान क्रमांकाच्या जागी टक्के दिसतात. "कुठवर आलात?" असं सौ.नं विचारलं तर "त्रेचाळीस टक्के," असं सांगावं लागतं. बँकेत तीस वर्षं कर्जवसुलीचे टक्के मोजले, आता वाचनाचेही मोजतोय.

मराठीची मात्र जरा ओढाताण दिसली. एका पुस्तकात 'वाऱ्यावर' शब्दातला र वेगळा निघून पाय मोडून बसला होता. दुसऱ्यात ल आणि श हिंदी वळणाचे. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे, पण यंत्राला त्याचं काय! कुणी म्हणेल, एवढ्यानं काय बिघडतं? बिघडत नाही, पण खटकतं.

मग लक्षात आलं की ही रड आजची नाही. देवनागरीच्या जोडाक्षरांनी छापखानेवाल्यांना पहिल्यापासून घाम फोडलाय. इंग्रजीची सव्वीस अक्षरं लहान-मोठी धरली तरी एका खोक्यात मावतात, आपल्याला काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागत. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यानं अक्षरांचे तुकडे पाडून खिळ्यांची संख्या आटोक्यात आणायची खटपट केली. पुढं जावजी दादाजींनी १८६९ मध्ये 'निर्णयसागर' काढला आणि देखणा देवनागरी टाइप पाडला. 'केसरी'साठी टाइपांची संख्या कमी करण्याच्या मागे खुद्द टिळक लागले होते. शिशाचे खिळे जाऊन संगणक आला तेव्हाही तेच दुखणं नव्या रूपात आलं. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा. एका संगणकावर जुळवलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की नुसत्या इंग्रजी चिन्हांची खिचडी! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपले कितीतरी प्रकाशक पुढची बरीच वर्षं त्या जुन्या फॉन्टांतच पुस्तकं जुळवत राहिले. त्या फायली ई-पुस्तकासाठी युनिकोडमध्ये आणायच्या म्हणजे पुन्हा मुद्रितशोधन आलं, पुन्हा खर्च आला. किंडलवर मराठी पुस्तकांचं दालन उघडलं तेच २०१६ च्या डिसेंबरात.

हे सगळं ठीक. विकत घेतलेली दोन-तीन पुस्तकं वाचून झाली आणि माझी नजर जुन्या पुस्तकांकडं वळली. आपला कायदा असा आहे की लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, राजवाडे १९२६ मध्ये. म्हणजे यांचं लेखन कुणीही छापावं, कुणीही नेटवर ठेवावं. तसं ते ठेवलेलंही आहे, जुन्या पानांचे फोटो काढून. मी राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा एक खंड उतरवून घेतला आणि यंत्रावर टाकला.

तिथं पहिला धक्का बसला. सहा इंची पडद्यावर ते मोठं पान इतकं आकसलं की एक अक्षर लागेना. हा फोटो असल्यामुळं अक्षर मोठं करायची सोयही नाही. मुलगी फोनवरून म्हणाली, "बाबा, आडवं करून बघा." आडवं केलं. अर्धं पान रुंद होऊन दिसायला लागलं. ते वाचून खाली सरकायचं की उरलेलं अर्धं.

आणि मी हसायलाच लागलो. हातात पोथी होती!

आमच्या आजोबांकडं लाल बासनात गुंडाळलेली पोथी होती. आडवी, सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या. हा आकार ताडपत्रापासून चालत आलेला. झाडाचं पानच लांब आणि अरुंद, म्हणून ग्रंथही तसा. कागद आला तरी आपण आकार सोडला नाही. छापखाना आला तरीही पुष्कळ वर्षं धार्मिक ग्रंथ शिळाप्रेसवर आडव्या सुट्या पानांतच छापले जात. नवीन वस्तू आली की माणसं तिला आधी जुन्या वस्तूचे कपडे घालतात. माझं यंत्रसुद्धा पुस्तकाचं पान उलटल्याचं सोंग करतंच की.

छापील पुस्तकाला झालेला विरोधही गमतीचा होता. गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या कर्तबगार माणसानं अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता विद्या उचलली, स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. तेव्हा सोवळी मंडळी छापील कागदाला हात लावायला तयार नव्हती. शाईत चरबी असते, असा आक्षेप. यावर तोड म्हणून शाईत तूप वापरलं गेल्याचं सांगतात. तुपाच्या शाईपासून विजेच्या कणांपर्यंत दोनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

विषयांतर झालं, पण अगदीच नाही. खरी गोष्ट पुढं आहे.

त्या खंडात एक पत्र वाचत होतो. पत्र रंगात आलेलं, आणि पान उलटलं तर पुढं दुसऱ्याच पत्राची शेवटची ओळ. आधी वाटलं माझाच घोटाळा. मागं-पुढं करून पाहिलं. मधली दोन पानं फोटोत नव्हतीच. पान उलटताना दोन पानं चिकटून गेली असणार. आणखी थोडं पुढं एका पानावर कुणाचा तरी अंगठा, त्याच्याखाली चार ओळी गडप. नेटवर दुसऱ्या ठिकाणी शोधलं. तिथंही तोच फोटो, तोच अंगठा. म्हणजे एकाच कुठल्यातरी प्रतीवरून एकदाच काढलेले फोटो सगळीकडं फिरताहेत.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडल्या उघडल्या गेलो. ग्रंथपाल मॅडमना खंडाचं नाव सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सर, हे तर यादीत आहे."

यादीत म्हणजे निर्लेखनाच्या. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं : 'दीर्घकाळ देवघेव नाही.' खाली सह्या. तिसरी माझी.

पुस्तक मागच्या खोलीत सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यात होतं. पुठ्ठा सुटलेला, कडांना वाळवीची नक्षी. पण ती दोन पानं होती. तिथंच स्टुलावर बसून पत्र पूर्ण वाचलं.

ज्यांनी हे खंड काढले त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचं काम आठवलं की लाज वाटते. १८९८ मध्ये त्यांनी पहिला खंड काढला, पानिपतच्या आसपासच्या काळातल्या पत्रांचा. असे बावीस खंड. त्यासाठी गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यावरची, अडगळीतली दप्तरं तपासली. घरमालकांना त्या मोडी कागदांची किंमत नव्हती. उंदीर, वाळवी, ओल आणि रद्दी, हे त्यांचे शत्रू. म्हणजे आपण त्यांचं छापलेलं पुस्तक नेमकं त्याच शत्रूंच्या हवाली करायला निघालो होतो, तेही ठराव करून.

मग मी यादीच घरी आणली आणि चार दिवस ती घेऊन नेटवर बसलो. सगळी नावं झाली नाहीत, पण जेवढी झाली त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली. नावाजलेली पुस्तकं सापडतात. हरिभाऊ, चिपळूणकर, आगरकर, जुनी चरित्रं, बरंच काही. विश्वकोशाचे खंड तर नेटवर आहेतच, आणि राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं आपली पुष्कळ प्रकाशनं फुकट उतरवून घेता येतील अशी ठेवली आहेत. सरकारला शिव्या देताना आपण हे विसरतो.

जे सापडत नाही ते आपलं, या भागातलं. आपल्या हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. तालुक्यातल्या सहकारी संस्थांचे जुने अहवाल, त्यांत सभासदांची नावं आणि कर्जाचे आकडे. जत्रेची माहिती देणारी बारकी पुस्तिका. इथल्याच एका शिक्षकांनी पदरमोड करून छापलेला कवितासंग्रह. बांधणी केलेले जुने दिवाळी अंक, त्यांतल्या जाहिरातींत बाजारपेठेतली आज नसलेली दुकानं. यातलं काहीही नेटवर नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहांत असेल असंही समजू नका. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. आपल्या जत्रेच्या पुस्तिकेची प्रत कोण कोलकात्याला पाठवायला बसलंय?

आणि मधल्या काळातली पुस्तकंही अडकलेली. लेखक जाऊन साठ वर्षं झाली नाहीत म्हणून फोटो काढून ठेवता येत नाहीत, आणि खप नाही म्हणून प्रकाशक पुन्हा छापत नाही. अशी पुस्तकं आज फक्त कपाटात आहेत.

या विषयावरचं माझं आवडतं उदाहरण गोव्यातलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये राशोल इथं रोमन लिपीत छापलं गेलं. पुढं १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तीन छापील आवृत्त्या, आणि आज त्यांतली एकही प्रत उपलब्ध नाही. मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? ख्रिस्ती कुटुंबांनी हातानं नकला करून तो घराघरांत वाचत ठेवला. त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये सालढाणांनी मंगळूरला तो पुन्हा छापला. छापील आवृत्त्या संपल्या, घरातल्या वह्या उरल्या.

माझ्या यंत्रातल्या पुस्तकाची मात्र नक्कल करता येत नाही. मला आवडलेली ती कादंबरी एका मित्राला वाचायला द्यायची होती. देता येईना. यंत्रच द्यावं लागेल म्हणे. मुलीनं समजावलं की बाबा, तुम्ही पुस्तक विकत घेतलेलं नाही, वाचायचा परवाना घेतलाय. परवाना! यावरून एक जुनी बातमी आठवली. २००९ च्या जुलैत ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या होत्या. ज्यानं त्या विक्रीला ठेवल्या त्याच्याकडं हक्क नव्हते. पैसे परत दिले, पुढं कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण त्यातली एक कादंबरी '१९८४' होती, सरकार जुने कागद नष्ट करून इतिहास बदलतं ती. असा योग कादंबरीत लिहिला असता तर संपादकानं अतिशयोक्ती म्हणून कापला असता.

इंग्रजांनी १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी घातली. पण एकदा विकलेलं पुस्तक परत गोळा करायचं म्हणजे शिपाई घरोघर धाडायला हवेत. आता एका खोलीत बसून, एका बटणावर ते होतं.

याउलट आपली वाचनालयं उभीच मुळी पुस्तक एकमेकांना देण्यावर आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं १८४८ मध्ये नगर वाचन मंदिर निघालं. छापील पुस्तक महाग, एकानं घ्यायचं आणि शंभरांनी वाचायचं. तिथं सगळ्यांना सारखा प्रवेश होता असं मुळीच म्हणत नाही. वर्गणी परवडणारी आणि आधीच शिकलेली मंडळीच सुरुवातीला तिथं दिसत. पण दार बांधलं गेलं होतं आणि पुढच्या पिढ्यांनी ते आपल्यासाठी उघडून घेतलं. माझे वडील सातवी शिकलेले. आपल्या वाचनालयात मोकळ्या वेळेत वर्तमानपत्र वाचून वाचून ते मराठी शुद्ध लिहायला शिकले.

ई-रीडर मी टाकून देणार नाही. हे सगळं सांगतोय म्हणजे यंत्राच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका, खाली तशा कॉमेंट येतील म्हणून आधीच सांगतो. डोळे अधू झालेल्या माणसाला त्यानं वाचन परत दिलंय. विकास आराखड्याची नगरपालिकेनं टाकलेली शंभरावर पानांची पीडीएफसुद्धा मी त्यावरच वाचली, नकाशे सोडून. नकाशे त्यावर दिसतच नाहीत, राखाडी चिखल दिसतो. त्याला घरचा संगणकच हवा.

आता कामाचं. ठराव झालाय, पण गठ्ठे अजून मागच्या खोलीत आहेत. मी अध्यक्षांना लेखी पत्र दिलंय की यादी पुन्हा तपासल्याशिवाय एकही पुस्तक बाहेर जाऊ नये, आणि माझी सही त्या ठरावावरून वगळावी. ते चिडले, पण ऐकून घेतलं. पुढच्या बैठकीपर्यंत थांबायला तयार झालेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे : "ठेवायचं कुठं आणि तपासायचं कोणी?"

माझ्या परीनं उत्तर असं. या रविवारी सकाळी नऊ वाजता मी वाचनालयात बसतोय. सोबत दोन-चार जण हवेत. तीन ढीग करायचे. जे नेटवर नीट, सगळ्या पानांसकट मिळतं आणि इथं पार कुजलंय, ते जाऊ द्या, त्याला माझीही हरकत नाही. जे नेटवर आहे पण अर्धवट आहे, ते ठेवायचं. आणि जे फक्त आपल्याकडंच आहे, स्मरणिका, अहवाल, स्थानिक पुस्तिका, ते आधी कडुलिंबाचा पाला घातलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत आणि मग सवडीनं फोटो काढायला. ट्रंक माझ्याकडची देतो. फोटो काढायला कॉलेजच्या मुलांनी यावं, फक्त पान उलटताना अंगठा बाजूला ठेवा.

ज्यांच्या घरात माळ्यावर आपल्या हायस्कूलची स्मरणिका किंवा जुने दिवाळी अंक असतील त्यांनी कॉमेंटमध्ये कळवा. आमच्या प्रतीची शेवटची आठ पानं वाळवीनं खाल्ली आहेत.